शिंदखेड्याचं आरमार

शिंदखेड्यात कुणी होडी करायला टाकली म्हटलं की ऐकणारा आधी त्या माणसाच्या तब्येतीची चौकशी करतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. तालुका दुष्काळी. गावची बुराई नदी पावसाळ्यात चार दिवस नदीपण निभावते आणि उरलेलं वर्ष वाळू नि बाभळी सांभाळत पडून असते. उन्हाळ्यात टँकरच्या खेपांवर चर्चा झडणाऱ्या या मुलखात माझ्या मावसभावांनी, म्हणजे सगळ्या गल्लीच्या दादांनी, साठी उलटल्यावर पत्र्याची होडी करायला टाकली. तीही रात्री मासे धरण्यासाठी.

दादांचं कृषी सेवा केंद्र आहे. आता मुलगा दुकान बघतो आणि दादा मुलाकडे बघतात. त्यातून वेळ भरपूर उरतो. शिवाय त्यांचा हिशेब काही अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. बुराई आटली तरी तालुक्याच्या उत्तर अंगाला तापी आहे. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालत समुद्राला मिळणारी ही नदी पूर्वी उन्हाळ्यात इथं डोहाडोहांत तुटून जायची. सुलवाड्याला बॅरेज झालं आणि पात्रात पाणी उभं राहायला लागलं. पाणी दिसलं की खानदेशी माणसाच्या डोक्यात आधी मोटर येते. दादांच्या डोक्यात होडी आली, एवढाच फरक. पुन्हा त्यांना घाईही होती. याच बॅरेजमधून पाणी उचलून जामफळ धरणात नेण्याच्या योजनेचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये धुळ्यात पंतप्रधानांच्या हस्ते झालेलं. "पाणी पाइपात शिरायच्या आत बसून घेऊ," असं दादा म्हणत.

होडी तयार झाली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि खिडक्यांच्या ग्रील करणाऱ्या वर्कशॉपात. वेल्डर कामाला पक्का, पण त्याचा हात ट्रॉलीवर बसलेला. मोजमाप घेऊन झाल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "दादा, हुक पुढे देऊ का मागे?" हुक नको म्हटल्यावर तो जरा हिरमुसला. तरी त्याने मागच्या बाजूला लाल रेडियमची पट्टी चिकटवलीच. ती नसली की रस्त्यावर अडवतात, हे त्याला माहीत होतं. बाकांखाली तेलाचे रिकामे, तोंड बंद केलेले डबे बसवले, म्हणजे होडीत पाणी शिरलं तरी ती तळाला जायला नको. हे मात्र फार शहाणपणाचं काम झालं.

होडी अंगणात येऊन पडली तेव्हा मिरचीचे दिवस होते. दोंडाईचा जवळ, मिरचीला तोटा नाही. पत्रा तापतो, काठ उंच असल्यामुळे वाऱ्याने काही उडत नाही आणि शेळीचं तोंड आत पोचत नाही. वाळवणाला याहून चांगली जागा नाही, असं वहिनींचं मत पडलं. त्यामुळे शिंदखेड्याच्या आरमाराने आयुष्यात पहिल्यांदा वाहिला तो माल लाल मिरचीचा. पुढे पहिल्या रात्री तापीच्या मध्यावर आम्ही तिघंही आळीपाळीने शिंकत होतो. मासे शिंकांना घाबरतात का, यावर दादा आणि त्यांचा मुलगा यांच्यात मतभेद आहेत.

खरी मौज होडीच्या सजावटीत होती. गळकाठ्या हातात धरून रात्रभर बसणं साठीनंतर जमत नाही; त्या कुठेतरी खोचाव्या लागतात. शेतावर ठिबकचं काम झाल्यावर उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे गोठ्यामागे पडलेले होतेच. हातभर लांबीचे तुकडे कापले, वरच्या तोंडाला खाच पाडली म्हणजे फिरकीचा दांडा तिच्यात बसून काठी गरगर फिरत नाही, बुडाशी आडवा बोल्ट घातला आणि पाणी साचू नये म्हणून एक भोक ठेवलं. मग प्रश्न आला कोनाचा. काठी फार उभी ठेवली तर वाऱ्याने शेंडा हलतो आणि उगाच मासा लागल्याचा भास होतो. फार आडवी ठेवली तर मोठा झटका बसताच काठी पाइपातून सरळ निघून पाण्यात. दादांनी मुलाच्या शाळेतला कंपास काढून कोन मोजला. शेवटी काठ आणि काठी यांच्यात पंचेचाळीस अंशांवर तह झाला आणि शिवाय प्रत्येक काठीला एकेक सुतळी बांधली गेली. सुतळीवर माझा कोनापेक्षा जास्त विश्वास आहे.

अंधारात शेंडा दिसत नाही, मग मासा लागला हे कळणार कसं? शहरातले हौशी लोक त्यासाठी काठीच्या टोकाला छोटी घंटी लावतात. दादा उठले, गोठ्यात गेले आणि खुंटीवरची घुंगरमाळ घेऊन आले. बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतल्यापासून ती माळ पोळ्याला फक्त पुसली जायची. दादांनी तिच्यातली चार घुंगरं सोडवली. दोरा कापताना त्यांचा हात जरा रेंगाळला, पण बोलले एवढंच, "हे डाव्या बैलाचं. हे लवकर वाजायचं." ते घुंगरू मरळीच्या गळाला गेलं, कारण मरळ चपळ.

आमिषाचा खर्च शून्य. म्हशीच्या पेंडीतली मूठभर पेंड, कणीक आणि थोडा हिंग. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तंगुसावर शिसं कुठं नि किती लावायचं यावर संध्याकाळी लांब चर्चा होते. एवढी चर्चा ऐकून माशांनी किमान लाजेखातर यावं.

राहिले दिवे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस पोखरला, तेव्हापासून दादांच्या दुकानात सापळे कायम असतात. कामगंध सापळ्यात पतंग वासाने येतो, प्रकाश सापळ्यात दिव्याने. दिव्याखाली पाण्याचं घमेलं ठेवलं की तो त्यात पडतो. दादांच्या मते रात्रीची मासेमारी हे त्याच खात्यातलं काम. "फक्त घमेलं मोठं," असं म्हणून ते तापीच्या दिशेने हात करत. विचार बरोबर होता. पाण्यात दिवा सोडला की डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव त्याभोवती जमतात, त्यांच्यामागे बोटभर पिल्लं येतात आणि पिल्लांच्या मागे उजेडाच्या कडेला, अंधारात तोंड लपवून, मोठं कुणीतरी उभं राहतं. पाण्यात लाल रंग लवकर विरतो, हिरवा खोलवर जातो, म्हणून दिव्यांची पट्टी हिरवी. ती मिळाली ट्रॅक्टर सजवणाऱ्या दुकानात. काचेच्या बाटलीत पट्टी, झाकणाला एमसील, खाली दगड. वीज आली पाठीवरच्या फवारणी पंपातून: त्यातली १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी. दहा वॉटची पट्टी कागदावर नऊ तास चालते. पण ही बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे चार-पाच तास धरा.

याहून जास्त उजेडाच्या फंदात कुणी पडू नये. समुद्रात जनरेटर लावून एलईडीच्या झोतांनी मासे ओढणाऱ्या बोटी निघाल्या, तेव्हा कोकणातले पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले. पिल्लांसकट सगळंच जाळ्यात यायला लागलं होतं. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली. दादांची बाटली त्या मानाने देवघरातली समई. तरीही धरण-तलावांतली मासेमारी आपल्याकडे बहुधा मच्छीमार संस्थांच्या ठेक्यात असते, म्हणून त्यांनी आधी विचारून परवानगी घेतली. चार गळ आहेत म्हटल्यावर समोरचे हसले.

डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा, असे जहाजांचे दिवेही दादांनी लावले. समोरून कोण येणार आहे, असं मी विचारलं. आले एक. वल्ह्याचा आवाज न करता थर्माकोलच्या तराफ्यावरून एक म्हातारे भोई बाबा आमच्या झगमगाटापाशी येऊन थांबले. बाटली बघितली, घुंगरं बघितली, रेडियम बघितलं.

"हाई काय शे, भाऊ? वरात निंघनी का?"

दादांनी पट्टीचं शास्त्र समजावलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वामले उजेड नही लागस. ती वासवर येस. पन दिवा ऱ्हाऊ द्या. मन्हा तराफा तुमनावर आदळाव नही."

वाम आणि मिशावाले मासे रात्री वासाने आणि स्पर्शाने चरतात, हे पुस्तकातही आहे. बाबा त्या रात्री अंधारात कुठेतरी भरपूर मासे धरत असणार.

मला मात्र त्या होडीत माशांइतकेच दादा बघायला आवडतात. शेतीपंपाची वीज इथं पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस हातात बॅटरी आणि पायात बूट घालून, सापाचा अंदाज घेत, वाफ्यावाफ्यातून पाणी फिरवत असतो. दादांनी चाळीस वर्षं रात्र अशी काढली: मोटर बंद पडली का, बांध फुटला का, वीज किती वाजता जाईल. आता तोच माणूस, तीच रात्र, तोच पाइप. पण समोरच्या पाण्याला कुठं न्यायचं नाही. मे महिन्यात दिवसा पारा चव्वेचाळीसवर जाऊन आलेला असतो आणि रात्री एकनंतर पाण्यावरून जरा बरा वारा येतो. तेव्हा दादा एखादं घुंगरू वाजूनही लगेच उठत नाहीत.

पावसाळ्यात आरमार अंगणातच असतं. वर भुसावळकडे हतनूरचे ४१ दरवाजे आहेत. त्यांतले किती उघडले याची बातमी दादा पूर्वी पिकासाठी ऐकत, आता होडीसाठी ऐकतात. त्या दिवसांत तापीकडे फिरकायचं नाही, हा नियम ते कोनापेक्षाही कडक पाळतात.

परवा पहाटे आम्ही परतलो ते तीन चिलापी आणि एक बारकी वाम घेऊन. सकाळी गड्याने भेंडीवर फवारणीसाठी पंप पाठीला लावला, बटण दाबलं, तर पंप नुसता कण्हला. बॅटरी तापीत खर्ची पडली होती. वहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "मग भेंडीवरचा मावाही रात्री दिवा लावून बोलवा की!"

"मावा दिव्याला येत नसतो," दादा गंभीरपणे म्हणाले, "त्याला पिवळा चिकट सापळा लागतो." आणि दुकानाची किल्ली घेऊन सापळे आणायला निघाले.