कानाचं माप

बीड जिल्ह्यात आवाज ही कधी खासगी मालमत्ता नव्हतीच. अकरापैकी कुठल्याही तालुक्यातल्या कुठल्याही गावात हरिनाम सप्ताह बसला, की लिंबावर कर्णा चढतो आणि पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत जे काही होतं ते शिवारातल्या बैलांसकट सगळ्यांचं होतं. ऐकायचंय का, असं कुणी कुणाला विचारत नाही. अशा मुलखात आता ज्याचा त्याचा आवाज ज्याच्या त्याच्या कानात गेला आहे. अभ्यासिकेतली पोरं राज्यघटना कानातून पाठ करतात, भरतीची तयारी करणारे पहाटे गाणी लावून पळतात आणि रात्रपाळीच्या विजेवर उसाला दारं धरणारा शेतकरी कीर्तन ऐकत बांधावर उभा असतो.

साहजिकच कानात घालायचा हेडफोन निवडणं हे जबाबदारीचं काम झालं. आमच्याकडे कानात जाणाऱ्या, कानावर बसणाऱ्या, वायरच्या, बिनवायरच्या, सगळ्यालाच हेडफोन म्हणतात. दुकानातला पोरगा मात्र जोडी कुठलीही काढो, एकच गुण सांगतो : “काका, बेस लई हाय याला!” “कानाला दुखत नाही ना?” असं विचारलं, तर तो समोरच्या गल्लीतला दवाखाना दाखवतो.

या बेसच्या भुकेमागे माझ्या मते कर्णाच आहे. कर्ण्याचा निमुळता भोंगा माणसाचा आवाज दोन शिवारं ओलांडून नेतो, पण खालचे, घुमणारे स्वर जवळपास गाळून टाकतो. महाराजांचा शब्द न शब्द पोचतो. मृदंग मात्र पत्र्याचा डबा वाजवावा तसा येतो. आज्यापणज्यांच्या वाट्याला न आलेली ती धुम नातवंडं आता व्याजासकट वसूल करताहेत.

गंमत अशी, की ही धुम हेडफोनच्या किमतीत कमी आणि आपल्या कानाच्या भोकात जास्त असते. मृदंग वाजवणारा बसल्या बसल्या डाव्या पुडीला भिजवलेली कणीक लावतो, चिमूटभर काढतो, पुन्हा लावतो; तेवढ्यावर त्याचा खर्ज ठरतो. कानातल्या रबरी टोपीचंही तसंच आहे. ती कानात घट्ट बसली तर खालचे स्वर आत राहतात. केसाएवढी फट राहिली, की सगळा बेस तिथून पसार होतो. मग माणूस कंपनीला शिव्या देतो आणि आवाज वाढवतो. कान तर सगळ्यांचे सारखे नसतातच. एकाच माणसाचा डावा-उजवाही पुष्कळदा जुळत नाही. पण दुकानात घालून बघायची सोय नाही. “एकदा कानात गेला की परत नाही,” ही पाटी नसली तरी नियम आहे आणि दुसऱ्याच्या कानातला आपल्या कानात नको, हेही खरंच.

तरी उसना का होईना, मित्राचा घेऊन (टोपी पुसून) परीक्षा घेता येते. जाहिरातीतलं गाणं लावू नये, आपलं कीर्तन लावावं. टाळ ऐकावा : तो किणकिणला पाहिजे, कानात टोचता कामा नये. मृदंग ऐकावा : धुम आली पाहिजे, पण ती महाराजांच्या अंगावर बसता कामा नये. आणि शब्द ऐकावेत. आपली कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, आणि त्या लांबीमुळे ती तीन हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर आपणहून फुगवते. क, च, त, स अशी व्यंजनं उमटायला त्याच पट्ट्याची मोठी मदत होते. नळीच्या तोंडाशी बूच लागलं की हा हिशेब बिघडतो. चांगला बनवणारा तो भरून काढतो, नुसता बेस विकणारा काढत नाही. मग अभंगातला विठ्ठल राहतो आणि अर्थ जातो.

डब्यावर लिहिलेल्या २० ते २०,००० हर्ट्झचं मात्र फार मनाला लावून घेऊ नये. वय वाढतं तसे वरचे स्वर आधी जातात. साठीच्या पुढच्या माणसाने त्या शेवटच्या काही हजारांसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे नातवासाठी केलेली गुंतवणूक.

आता कानाच्या सुखाचं. घट्ट बसलेला हेडफोन घालून कडक भाकरी खाऊन बघा. एरवी हाडांतून आलेला चावण्याचा आवाज कानाच्या उघड्या तोंडातून निघून जातो. आता तो आतच कोंडतो आणि आपलं जेवण आपल्यालाच ऐकावं लागतं. मे महिन्यात घामाने टोपी निसटते, ती पुन्हा आत दाबताना कानातला मळही आत जातो. तरी नीट बसलेल्या हेडफोनचा एक मोठा फायदा आहे. एसटीच्या इंजिनाची घरघर बाहेर राहते, म्हणून आवाज कमी ठेवला तरी भागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं. ९० वर नेलं तर फक्त ४. तेवढ्यात तर बीडहून पुण्यालाही पोचणं होत नाही. रस्त्याने चालताना किंवा पळताना मात्र एक कान मोकळाच हवा. हंगामात मागून दोन ट्रॉल्यांचं उसाचं ट्रॅक्टर येत असतं आणि त्याच्या टेपपुढे आपल्या दोन्ही कानांतलं काही टिकत नाही.

एवढं सगळं सांगून खरेदीचा सल्ला इतकाच. डब्यात तळाशी छोट्या पिशवीत लहान-मोठ्या मापांची जादा रबरं असतात. “हरवली तर असू द्या म्हणून देतात,” असं दुकानदार सांगतो आणि लोक ती पिशवी डब्याबरोबर फेकून देतात. ती उघडा. डाव्या कानाला मधली, उजव्याला मोठी, अशी बिनजोडीची घातली तरी कुणी बघत नाही. पाचशेचा हेडफोन दोन हजारांचा वाटायला लागला, तर राहिलेल्या पैशांत सप्ताहाची वर्गणी द्या. कर्णा तर ऐकायचाच आहे.