चाचणीच्या यादीत मालेगाव हवंच

पुण्यात पास झालेलं टीव्हीचं ॲप मालेगावात अडकत असेल, तर ते पास झालेलंच नाही. हे स्पष्ट बोलायला हवं, कारण ॲप अडकलं की खापर फुटतं ते बघणाऱ्याच्या डोक्यावर. तुमचं नेट स्लो आहे, तुमचा टीव्ही जुना आहे, तुमच्याकडे लाइट जाते. सगळं खरं. पण वर्षाची वर्गणी आगाऊ घेताना यातलं काहीच कुणाच्या आड आलं नव्हतं.

आणि गाव तरी कुठलं? मालेगाव. यंत्रमागाच्या या गावाला पडद्याचं वेड बाहेरून कुणी लावलेलं नाही. शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली गावातलीच माणसं उभी करून ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांच्या सुपरमॅनवरच्या सिनेमाच्या शूटिंगवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. क्रेन परवडत नाही म्हणून बैलगाडीचीच क्रेन करणारी माणसं त्यात दिसतात. २०२५च्या फेब्रुवारीत रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला आणि त्याच वर्षी प्राइम व्हिडिओवर आला. मालेगावची गोष्ट मालेगावच्या घरात शिरली ती एका ॲपमधून. इथल्या छोटूदादा या विनोदी कलाकाराची खानदेशी कॉमेडी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली जाते. पडद्याला इतकं देणाऱ्या गावातल्या टीव्हीवर ॲप नीट चालतं का, हे पाहण्याची जबाबदारी ॲप विकणाऱ्याची आहे.

टीव्हीच्या ॲपची चाचणी हल्ली नुसती सोफ्यावर रिमोट घेऊन होत नाही. रॅकवर ओळीने टीव्ही मांडलेले असतात. प्रत्येकासमोर इन्फ्रारेड किरण सोडणारा बारीक दिवा, तो रिमोटचं काम करतो. संगणकातली स्क्रिप्ट हुकूम सोडते: खाली, खाली, उजवीकडे, ओके, बॅक. दर हुकुमानंतर पडद्यावरची उजळलेली चौकट जिथे जायला हवी तिथे गेली का, हे संगणकच तपासतो. बहुतेक टीव्हींना माउस नसतो, पडद्याला बोट लावून चालत नाही. ती चौकट, म्हणजे टेस्टरच्या भाषेत फोकस, हरवला की बघणारा जागीच अडकला. मोबाइलच्या चाचण्यांमध्ये रुळलेलं ॲपियम हे साधन आता अँड्रॉइड टीव्ही, सॅमसंगचं टायझन आणि एलजीचं वेबओएस यांच्यावरही चालतं. खुद्द सिनेमा सुरू झाला की मात्र पंचाईत होते. चोरी होऊ नये म्हणून चित्र कुलूपबंद असतं, स्क्रीनशॉट घेतला तर काळा येतो. मग टीव्हीसमोर कॅमेरा लावून चित्र हलतंय का, आवाज येतोय का, हे पाहावं लागतं.

काम अवघड आहे आणि ते चोख करणाऱ्यांचा मान मोठाच. बीबीसीने २०१३ साली आपल्या टीव्ही ॲपचा पायाभूत कोड सर्वांसाठी खुला केला, त्यामागे शेकडो तऱ्हांच्या टीव्हींवर एकच ॲप चालवण्याचं दुखणं होतं. २०११ साली मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅककडे पैसे भरले की त्यांच्या टीव्हींवर आपलं ॲप तपासता येतं. साधनं आहेत आणि हुशार पोरंपोरीही आहेत. घोडं पेंड खातं ते चाचणीत काय काय घडवायचं, ही यादी करताना. त्या यादीत मालेगाव नसतं.

पहिली गोष्ट लाइटची. सिनेमा अर्ध्यावर असताना लाइट जाते. टीव्हीला बॅटरी नसते, तो जागच्या जागी बंद पडतो. बॅक दाबून बाहेर पडलं की कुठवर पाहिलं ते नोंदवायचं, एवढीच सोय ॲपमध्ये असेल तर ती नोंद होतच नाही, कारण बॅक कुणी दाबलेलंच नाही. लाइट आली की सिनेमा पहिल्यापासून. चांगलं ॲप ठरावीक सेकंदांनी जागा सर्व्हरला कळवत राहतं. हे तपासायला लाइट जाण्याची वाट पाहायला नको. संगणकाच्या हुकमाने बंद-चालू होणारं सॉकेट बाजारात मिळतं. ५२व्या मिनिटाला लाइट घालवा, दहा मिनिटांनी आणा आणि सिनेमा कुठून सुरू होतो ते बघा. इतकी सोपी टेस्ट केस यादीत नसेल, तर ती लिहिणाऱ्याला लाइट जाणं ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून त्याची पर्वा नाही.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अनेक स्वस्त टीव्हींमध्ये वीज गेली की तारीखही जाते. लाइट आल्यावर नेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत टीव्ही कुठल्या तरी जुन्याच सालात असतो. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र तारीख बघून तपासलं जातं. तारीख चुकीची, म्हणून प्रमाणपत्र नामंजूर. पडद्यावर मात्र झळकतं, ‘इंटरनेट नाही’. घरातला माणूस राउटर काढतो, लावतो, केबलवाल्याला फोन करतो, पोरावर ओरडतो. नेट तर चालूच असतं. खरं कारण न सांगणारी सूचना हा बगच आहे, आणि तो बघणाऱ्याचा तास खातो.

तिसरी गोष्ट हॉटस्पॉटची. कित्येक घरांत टीव्हीला नेट मिळतं ते मोबाइलवरून. मोबाइलचा मालक तो खिशात घालून नाक्यावर चहाला गेला की नेट गेलं. अर्ध्या तासाने तो परतला की नेट आलं. तेव्हा ॲपने मुकाट्याने पुन्हा जोडून घ्यावं आणि तिथूनच पुढे जावं. काही ॲपं गोल चक्र फिरवत बसतात आणि टीव्ही बंद करून चालू केल्याशिवाय हलत नाहीत. चाचणीच्या खोलीत नेट बारीक करून पाहतात, हे चांगलंच. पण बारीक नेट आणि गायब होऊन परत येणारं नेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरी घेतल्याशिवाय पहिलीचे गुण सांगू नयेत.

चौथी गोष्ट टीव्हीची. एक जीबी रॅम, आठ जीबी जागा, बत्तीस इंची पडदा. आपल्या गावोगावच्या दुकानांत हा माल वर्षानुवर्षं विकला गेला आहे. काहींत तर गूगलचं प्रमाणपत्र नसलेलं उघडं अँड्रॉइड असतं आणि खोक्यावर फक्त ‘स्मार्ट’ छापलेलं असतं. महागड्या टीव्हीलाही वय सोडत नाही. टीव्हीच्या आतला ब्राउझर बहुतेक करून त्या मॉडेलच्या सालातच थिजतो. एलजीच्या २०१८च्या वेबओएसमध्ये क्रोमचा पाया असलेल्या क्रोमियमची ५३वी आवृत्ती आहे, ती मुळात २०१६ची. आजचा कोड लिहिणारा आजच्या क्रोमवर तपासतो आणि तिकडे तो टीव्ही कोरा पडदा दाखवतो. एमुलेटरवरच्या, म्हणजे संगणकातल्या नकली टीव्हीवरच्या, चाचणीचा भरवसा धरणं तर त्याहून वाईट. एमुलेटर संगणकाच्या जिवावर पळतो. त्याला एक जीबीत चार तास काढावे लागत नाहीत. जुन्या टीव्हीला सेवा द्यायची नसेल तर तसं आधी जाहीर करावं. नेटफ्लिक्सने २०१९च्या डिसेंबरपासून काही जुन्या टीव्हींवर ॲप बंद केलं आणि ते आधी सांगितलं. बघणाऱ्याला ते आवडलं नसेल, पण त्याला फसवलं तरी नाही.

पाचवी गोष्ट अक्षरांची. ‘ॲक्शन’मधला ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला. जुन्या फाँटात तो नसला की तिथे रिकामी चौकट दिसते. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या फुटला की ओळ वाचवत नाही. आणि मालेगाव उर्दू वाचणाऱ्यांचंही मोठं गाव आहे. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणजे अख्खा पडदा आरशासारखा उलटतो आणि रिमोटच्या डाव्या-उजव्या बटणांचा अर्थही बदलतो. भाषेच्या यादीत मराठी आणि उर्दू ही नावं मिरवायची असतील, तर त्या भाषांत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पडदा उघडून तपासला पाहिजे. इंग्रजीत सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसलं म्हणून मराठीवर टिकमार्क ठोकणं हा खोटेपणा आहे.

कुणी म्हणेल, इतकं कोण करतं? जिथे पैसा दिसतो तिथे सगळे करतात. हॉटस्टारने कोट्यवधी प्रेक्षकांची नक्कल करून आपल्याच सर्व्हरवर लोंढा सोडणारी ‘हल्क’ नावाची यंत्रणा घरीच उभी केली. १९ नोव्हेंबर २०२३ला विश्वचषकाचा अंतिम सामना तिथे एकाच वेळी ५ कोटी ९० लाख जणांनी पाहिला. त्या आकड्याचा आपल्याला अभिमान आहे. सर्व्हरसाठी जो उद्योग इतकं रक्त आटवतो, त्याने तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या टीव्हीसाठी थोडा घाम गाळावा.

आणि एका सवयीवर उघड घाव घालायलाच हवा. टेस्ट कधी पास होते, कधी नापास. तिला ‘फ्लेकी’ म्हणायचं, पुन्हा चालवायची आणि हिरवी झाली की बिल्ड, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती, पुढे पाठवायचं. तीन वेळा लाल आणि चौथ्यांदा हिरवी, याचा अर्थ काय? स्क्रिप्ट कच्ची असेल तर ती दुरुस्त करा. स्क्रिप्ट पक्की असेल तर ॲप कुणाच्या तरी घरीही असंच पडणार आहे. मालेगावात कापडाचा ताका तपासताना तुटलेला धागा दिसला की विणणाऱ्याचे पैसे कापले जातात. ताका पुन्हा उलगडला म्हणून धागा जुळत नाही. मागावरच्या माणसाला जो नियम लागतो, तोच पुण्यातल्या हिंजवडीच्या बिल्डला लागला पाहिजे.

खर्चाचं कारण तर पुढे करूच नये. बत्तीस इंची साधा स्मार्ट टीव्ही दहा-बारा हजारांत येतो. असे पाच टीव्ही, संगणकाच्या ताब्यातली पाच सॉकेटं, एक साधा मोबाइल हॉटस्पॉट आणि दोन कॅमेरे. मोठ्या कंपनीच्या एका बैठकीच्या चहा-नाश्त्यात आणि प्रवासात याहून जास्त पैसे जातात. कमी पडतो तो फक्त निर्णय.

हिंजवडी, खराडीत टेस्टिंग करणाऱ्यांमध्ये नाशिक-खानदेशातली मुलंमुली कमी नाहीत. त्यांना हात जोडून सांगणं आहे: तुम्हाला लाइट जाणं माहीत आहे, मोबाइलचं नेट माहीत आहे, घरच्या टीव्हीचं वय माहीत आहे. पुढच्या स्प्रिंटमध्ये या पाच टेस्ट केस आपल्या नावाने लिहा. मॅनेजर म्हणाला ‘असे युजर किती?’, तर उत्तर द्या की हेच आपले युजर. लाल आलेल्या टेस्टवर सही करू नका.

आणि तुम्ही वाचक. ॲप अडकलं की नशिबाला दोष देऊ नका. टीव्हीचं मॉडेल, वेळ आणि पडद्यावरची सूचना यांचा फोटो काढा, कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. पैसे भरलेल्या सेवेत त्रुटी राहिली, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दाद मागता येते. तो हक्क वापरा.