सल्लागार पाहिजेत

समाजशास्त्रात एम.ए. होऊन पणजीत चपला झिजवणाऱ्यांनी सरळ डिचोलीची कदंब बस पकडावी. काम शिरगावात आहे. शिरगावकरांना नाही, शिरगावकरांवर. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, परिणामांचा अभ्यास. मग सुरू, 2018 मध्ये पुन्हा ठप्प, पुन्हा अभ्यास. 2022 च्या अखेरीस शिरगाव-मये ब्लॉकचा लिलाव झाला. मग सुरू होण्याच्या परिणामांचा अभ्यास. खाण बंद असो वा चालू, हा धंदा बारमाही.

2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण आघात अहवालात गावाची सामाजिक-आर्थिक स्थितीही लिहावी लागते. सल्लागाराचे बिल भरतो तो खाण काढू पाहणाराच, त्यामुळे पगार थकण्याची धास्ती कमी. (निष्कर्षाचीही.)

काम तसे हलके. प्रश्नावली घेऊन ओसरीवर टेकायचे: घर कच्चे की पक्के, गॅस आहे का, विहिरीला पाणी किती महिने? म्हातारी आधी चहा देते, मग विचारते, "मागच्यांनी लिहून नेलं, त्याचं काय झालं रे बाबा?" त्याला रकाना नसतो. ‘इतर’मध्ये टाकावे.

जनसुनावणीच्या दिवशी मात्र रजा घ्यावी. तिथे माईक तिच्या हाती असतो.