अमावास्येची कोशिंबीर

पिओरिया, इलिनॉय
३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ती. स्व. आई व बाबा यांना
सा. न. वि. वि.

आज पहाटे इथली सगळी घड्याळं सरकारी नियमाने तासभर मागे गेली. दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी जातात. हा फुकटचा तास घरात अजून कुणाच्या लक्षात आलेला नाही, सगळे घोरत आहेत, म्हणून सविस्तर पत्र लिहायला बसले. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. फोनवर आई "भुतं जेवायला आली होती" एवढंच ऐकणार आणि पुढचं न ऐकता देवापाशी निरांजन लावायला उठणार.

यंदा तिथीने आमची फारच ओढाताण केली. तुमच्याकडे गुरुवारी नरक चतुर्दशी आणि शुक्रवारी लक्ष्मीपूजन, मध्ये श्वास घ्यायला एक रात्र. इथे अमावास्या गुरुवारी पहाटेच लागली आणि शुक्रवारी सकाळी उठेपर्यंत संपलीसुद्धा. त्यामुळे पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन, दोन्ही गुरुवारीच. सुट्टी नाही, ऑफिस आहे, शाळा आहे. आणि तो गुरुवार म्हणजे ३१ ऑक्टोबर, म्हणजे हॅलोविन. चिपळूणला तिन्हीसांजेला भुताचं नुसतं नाव काढलं तरी आई डोळे वटारतात. इथे त्याच वेळी लोक भुतांना दारावर बोलावतात आणि वर खाऊ देतात.

पहाटेपासूनच सांगते. कारीट इथे मिळत नाही. पण या दिवसांत दुकानात शोभेचे छोटे भोपळे ढिगाने असतात, मुठीएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे. त्यातला एक न्हाणीच्या दाराशी ठेवला आणि तुमच्या चिरंजिवांना म्हटलं, फोडा नरकासुर. त्यांनी रीतसर डाव्या पायाचा अंगठा टेकवला. काही झालं नाही. मग टाच मारली. शोभेच्या भोपळ्याची साल किती टणक असते ते तेव्हा कळलं. नरकासुर शाबूत राहिला आणि टाच सुजली. हे लंगडणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

संध्याकाळी समोरच्या आजीबाईंच्या गॅरेजमध्ये गल्लीचं जेवण होतं. पॉटलक म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचा. पदार्थांची वाटणी आठवडाभर आधी झाली. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर आमच्या नावापुढे सॅलड आलं. मांस न खाणारा माणूस दिवसभर कच्चा पाला खात असणार असा इथे ठाम समज आहे. आपल्या घरात साबुदाणा, बटाटा, बेसन आणि तूप या चार खांबांवर किती पिढ्या उभ्या राहिल्या, ते यांना कोण सांगणार! शिवाय आजीबाईंची अट होती की पदार्थ सणाला शोभेल असा हवा. म्हणजे नारिंगी आणि काळा. आणि थोडा भीतिदायक.

माझ्या हातात वेळ होता फक्त वीस मिनिटं. पूजेची मांडणी, धाकटीला चेटकीण करणं, थोरल्याला सांगाड्याचे कपडे चढवणं आणि लक्ष्मी येण्याआधी केर काढणं, या सगळ्यांतून उरलेली. वेळखाऊ शिजवणं, भाजणं, गार होण्याची वाट बघणं असलं काही शक्यच नव्हतं.

सामान सांगते. किसलेल्या गाजराची तयार पिशवी, नारिंगी ढोबळी मिरची, काळ्या घेवड्याचा डबा, जांभळा कोबी, मक्याचे दाणे, काळी ऑलिव्ह आणि क्लेमेंटाइन म्हणजे सोलायला सोपी, बिनबियांची छोटी संत्री. काळा घेवडा मेक्सिकोकडचा, आपल्या राजम्याच्या नात्यातला पण बारीक. डब्यात शिजवूनच भरलेला असतो. वरचं चिकट पाणी ओतून तो चाळणीत खळखळून धुवायचा, एवढंच काम. नाही धुतला तर त्याचा काळा रंग गाजरात उतरतो आणि सगळ्याला चिखलाची कळा येते.

आई, तुमचा नियम मोडला नाही. मीठ ऐन वाढायच्या वेळी. आधी घातलं असतं तर गाजर-कोबीला पाणी सुटून गॅरेजपर्यंत ओघळ गेला असता. लिंबू, मीठ, चिमूटभर साखर आणि जिऱ्याची पूड वेगळ्या बाटलीत नेली.

अडचण आली दाण्याच्या कुटाची. शेजारच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, साधी नव्हे, हॉस्पिटल गाठायला लावणारी. त्यांच्या पायरीवर मोरपंखी रंगवलेला भोपळा असतो. अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणाऱ्या एका संस्थेने २०१४ साली ही खूण देशभर पसरवली. असा भोपळा दिसला की समजायचं, या दारी खाऊऐवजी पेन्सिली, भिंगऱ्या, स्टिकर असलं काहीतरीही मिळेल. तेव्हा दाणे बाद. पण कूट नसलेली कोशिंबीर तुमच्या सुनेने नेली हे चिपळूणला कळलं असतं तर? मग सोललेल्या भोपळ्याच्या बिया कढईत कोरड्याच परतल्या. त्या तडतड उडतात, झाकण हातात ठेवावं लागतं. जाडसर कुटल्या. हिरवट रंगाचं, खमंग, किंचित गोडसर कूट झालं. तुम्ही करून बघा, मी तर यापुढे उपासाच्या काकडीलाही हेच घालणार आहे. भोपळा उपासाला चालतो, मग त्याच्या बियांनी काय घोडं मारलंय?

आता बाबांसाठी. जांभळ्या कोबीवर लिंबू पिळलं की तो झर्रकन गुलाबी होतो आणि खायचा सोडा लागला की निळा. लिटमस कागद संपला की तुम्ही नववीच्या वर्गात हाच प्रयोग करायचात असं हे नेहमी सांगतात. थोरल्याला मी हे सांगितलं मात्र, त्याने मूठभर कोबी वेगळा काढून त्याला सोडा चोळला. निळेहिरवे केस तयार झाले. ते त्याने भांड्याच्या कडेला लोंबते ठेवले आणि जाहीर केलं की हे बुडालेल्या हडळीचे आहेत. हडळ हा शब्द त्याला कुणी शिकवला, हे मी विचारणार नाही. मागच्या मे महिन्यात गच्चीवर रात्री कोण गोष्टी सांगत होतं ते मला ठाऊक आहे, बाबा.

तुमच्या चिरंजिवांकडे ढोबळ्या मिरच्या कोरायचं काम दिलं. देठाकडून टोपी कापायची, आतल्या बिया काढायच्या, समोर दोन तिकोनी डोळे आणि दात कोरायचे. झाला छोटा भोपळा, त्यात सॅलड भरायचं. पाच मिनिटांचं काम. पण इंजिनियर माणूस! दोन्ही डोळे एका पातळीत यावेत म्हणून त्यांनी मोजपट्टी आणली. पहिल्या मिरचीचे दात होईपर्यंत माझं बाकी सगळं आटपलं होतं. उरलेल्या मिरच्या धाकटीने कात्रीने भोसकल्या आणि खरं सांगते, त्याच जास्त भयानक दिसत होत्या.

शेवटी ऑलिव्हचे कोळी. एक ऑलिव्ह उभं अर्धं कापायचं. अर्ध्याचं पोट, उरलेल्या अर्ध्याच्या बारीक कापांचे पाय, प्रत्येक बाजूला चार. कमी पाय लावाल तर मुलं मोजून दाखवतात. आणि या सगळ्यावर हिंग-मोहरीची फोडणी, जरा निवल्यावर ओतलेली.

सहाच्या सुमारास दिवे लावून पूजा केली. अजून घड्याळं मागे जायची होती, त्यामुळे उजेड नुकता कुठे मावळत होता. लक्ष्मी येणार म्हणून दार सताड उघडं, उंबऱ्यावर रांगोळीची पावलं, दोन्हीकडे पणत्या. मी आरतीचं तबक उचललं आणि दारातून आला ड्रॅक्युला. मागोमाग एक डायनासोर, दोन सांगाडे आणि पिसांचा बोळा झालेलं काहीतरी. "ट्रिक ऑर ट्रीट!" आरती थांबवता येईना, मुलांना घालवता येईना. आमच्या धाकटीने प्रसादाच्या साळीच्या लाह्या-बत्तासे त्यांच्या पिशव्यांत ओतायला घेतले, ते मी वेळीच अडवलं. इथे आईबाप फक्त वेष्टणातला खाऊ ठेवतात, सुटा असेल तो टाकून देतात. लक्ष्मीचा प्रसाद कचऱ्यात जायला नको. आरती होईपर्यंत सगळी भुतं मात्र हात जोडून शांत उभी होती. डायनासोरचे हात आखूड, त्याला जोडता येईनात, तरी तो धडपडत होता.

गॅरेजमधल्या टेबलावर काय काय होतं ते आईंना वाचून दाखवताना बाबांनी जरा गाळावं. बिस्किटांची कापलेली बोटं, नखांच्या जागी बदाम. पिठाच्या पट्ट्या गुंडाळलेल्या सॉसेजच्या ममी. सरबतात तरंगणारे डोळे. यात माझं सॅलड म्हणजे अगदी सोवळं. प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठीवर त्यात काय आहे ते लिहायचं होतं. मी सगळं सरळ लिहिलं, फक्त मोहरीपाशी थांबले. काय सुचलं कोण जाणे, "कोळ्याची अंडी" असं लिहून पुढे कंसात मोहरी लिहिलं.

मुलांनी कंस वाचला नाही. दहा मिनिटांत भांड्याभोवती ही गर्दी. प्रत्येकाला अंड्यांचा घास हवा. मोहरी दाताखाली कटकन फुटली की किंचाळायचं आणि पुन्हा वाढून घ्यायचं. एक बाई माझ्याकडे येऊन हळूच म्हणाल्या, की त्यांच्या मुलाने जन्मात पहिल्यांदा कोबी खाल्ला. आई, तुम्ही आणि माझी आई, दोघींनी आम्हाला बागुलबुवाची भीती घालून भाज्या खायला लावल्या. बागुलबुवा खिडकीबाहेर आणि कारलं ताटात. इथे मधला माणूस काढून टाकलाय. भाजीलाच बागुलबुवा करतात आणि पोरं तो आपण होऊन खातात. ही युक्ती तीस वर्षांपूर्वी कळली असती तर तुमच्या चिरंजिवांच्या ताटातली पडवळाची भाजी तुम्हाला दर वेळी स्वतः संपवावी लागली नसती.

आणि चिरंजिवांचं काय विचारता! लक्ष्मीपूजनाचा रेशमी सदरा अंगात, कपाळाला कुंकू आणि सुजलेल्या टाचेमुळे एक पाय ओढत चालणं. लोक येऊन येऊन म्हणत होते, काय सोंग आहे, काय बारकावा! मेलेला महाराजा का? यांनी आधी खुलासा करायचा प्रयत्न केला. नंतर मजा वाटू लागली असावी, कारण रात्री बघते तर दुसरा पायसुद्धा ओढत होते.

आजीबाई आयरिश वंशाच्या. त्यांनी सांगितलं, त्यांच्या मूळ देशात या रात्री सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात तिकडची माणसं बोटी भरभरून अमेरिकेत आली, त्यांना इथे भोपळा दिसला, मोठा आणि कोरायला मऊ, आणि सलगमची सुट्टी झाली. या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात अशी जुनी समजूत. मी म्हटलं, आमच्याकडे ती महिनाभर आधीच जेवून गेली, आणि त्यांच्या पानात भोपळ्याची भाजी होती. आजीबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि भाजीची कृती विचारली.

ती त्यांना सहज जमेल. नदीपलीकडे मॉर्टन नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं. या देशात डब्यातून विकला जाणारा बहुतेक भोपळा याच टापूतला. गंमत अशी की तो भोपळा नारिंगी गोल नसतोच. लांबट, फिक्या बदामी सालीचा, आपल्या लाल भोपळ्याच्याच जातीचा. त्या गरात गूळ आणि कणीक मळून मी पाडव्याला घारगे केले. रंग थेट आईंच्या घारग्यांचा. चवीचं मी बोलत नाही, हे पत्र चिपळूणला जाणार आहे.

बाकी सर्व क्षेम. बाबांनी जिना चढताना दमू नये, मध्ये एकदा थांबावं. धाकटी कालपासून वरणातही कोळ्याची अंडी मागते आहे. मोहरीची बरणी अर्धी झाली. येणाऱ्या कुणाबरोबर पाठवता आली तर बारीक मोहरी पाठवा, इथे मिळते ती जाड असते.

तुमची सून

ता. क. : कोरायचे भोपळे सणानंतर मातीमोल होतात. तुमच्या चिरंजिवांनी काल सहा आणले, लंगडत लंगडत. आत सगळा धागाच धागा आणि पाणी, भाजीला चव नाही. कोहळ्याचे सांडगे करतो तसे याचे होतील का? लगेच कळवा. आणि तेही ऊन न देता होत असले तर बघा, कारण इथे ऊन आता एकदम मे महिन्यात.