न लावलेल्या झाडांची लागवड

नर्सरीतून रोप आणायचे, खड्डा खणायचा, शेणखत घालायचे आणि पंधरा दिवसांत ते वाळलेले बघायचे, ही लागवडीची जुनी पद्धत झाली. प्रस्तुत मार्गदर्शन आधुनिक पद्धतीचे आहे. तिच्यात आपण काही लावायचे नसते.

आधी माळी नेमावेत. दिवसपाळीला बुलबुल, कोकीळ आणि साळुंकी, रात्रपाळीला वटवाघूळ. पगार लागत नाही. जवळपास फळलेला एखादा उंबर किंवा पिंपळ आणि टेकायला केबलची तार असली की पुरे. माळी फळ खातो, तारेवर येऊन बसतो आणि बी खतासकट खाली सोडतो. जागा मात्र तोच ठरवतो. मालकाने सूचना करू नयेत.

पिंपळाला जमीन लागते हा गैरसमज आहे. त्याचे बी इतके बारीक, की गिलाव्याची एक चीर, चिमूटभर धूळ आणि थोडी ओल एवढ्यावर ते रुजते. खतमातीची रिकामी कुंडी शेजारी मांडली तरी तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही; त्याला संडासाचा पाइप जिथे भिंतीत शिरतो तीच जागा हवी असते. म्हणून पाइपची गळती दुरुस्त करू नये. सोसायट्यांमध्ये ही काळजी आपोआप घेतली जाते.

रोप दोन पानांचे असताना चिमटीने निघते. हा काळ सर्वात धोक्याचा. तो टळावा यासाठी घरात विषय काढावा. "पिंपळ आपल्या हातानं उपटू नये रे, गड्याला सांग," असे आजी म्हणतात. गडी येतो, बघतो आणि म्हणतो, "साहेब, दुसरं काहीपण सांगा." मग वीतभर पिंपळावर मुंजा राहायला येतो का, यावर दोन पिढ्यांचे मतभेद होतात. ते मिटेपर्यंत मुळे विटांच्या सांध्यात पोचलेली असतात. एखादा धाडसी जावई वरचा शेंडा छाटतो, त्याचे स्वागत करावे. भिंतीत मूळ शिल्लक असले की छाटलेला पिंपळ अधिक फांद्यांनी फुटतो.

सुबाभळीला पक्ष्यांचीही गरज नाही. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची ही बाई. चारा आणि सरपण देणारे नवलाचे झाड म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपणच तिला समारंभाने आणली. आता तिला जा म्हणायची सोय नाही. चपट्या शेंगा तडकून बी सगळ्या आवारात पसरते, मातीत काही वर्षे दबून राहते आणि बुंधा तोडला तर तिथून पुन्हा फुटते. हौशी माणसाला हिच्याइतके हमखास यश दुसरे झाड देत नाही. मात्र दारात घोडा बांधलेला असल्यास जपावे: तिच्या पाल्यातल्या मिमोसिनमुळे घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस गळतात.

पपई स्वयंपाकघराच्या सांडपाण्यावर उगवते, तिला घरचे सगळे पाणी घालतात. नर की मादी हे फुले आल्याशिवाय कळत नाही, आणि तोवर ती खिडकीच्या वर गेलेली असते. लांब देठांवर फुलांचे घोस लोंबू लागले की समजावे, नर आहे. मग खोडात खिळा ठोकण्याचा सल्ला मिळतो. ठोकावा. फळ येईलच असे नाही, पण पंचा वाळत घालता येतो.

खाऊन फेकलेल्या हापूसच्या कोयीबद्दल थोडेच सांगायचे आहे. त्या कोयीतला एकुलता एक गर्भ परागीकरणातून आलेला असतो, त्यामुळे झाड आईवर जाईलच याची खात्री नाही. ते फळायला आठ-दहा वर्षेही लागू शकतात. तेवढा काळ पाहुण्यांना बिनदिक्कत "आमचा हापूस" म्हणून दाखवावे.

झाड पुरेसे वाढले, म्हणजे भिंतीला तडा गेला, की ते सरकारी संरक्षणात येते. शहरात 1975च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. अर्ज केल्यावर झाडावर नोटीस चिकटवून हरकती मागवतात. पाचोळा पडतो म्हणून रोज भांडणारे शेजारी पहिली हरकत नोंदवतात. पर्यावरणाची आवड अशीच लागते.

एवढे थांबायची ज्यांची तयारी नाही त्यांनी पावसाळ्यात, ओल असताना, शिडी लावून सज्जे आणि गच्चीचे कठडे तपासावेत आणि सापडलेले रोप मुळासकट ओढावे. फेकू मात्र नये. पसरट कुंडीत लावून तार गुंडाळून वाकवले की त्याला बोन्साय म्हणतात. ते दिवाणखान्यात ठेवता येते, त्याला किंमत लावता येते आणि मुंजाचा विषय कोणी काढत नाही.