सुशीची सख्खी बहीण मंद्रूपला असते

जपानला जाऊन आलेला मराठी माणूस फुजी पर्वताविषयी दोन वाक्ये बोलतो, बुलेट ट्रेनविषयी चार, आणि मग मासळी बाजारातल्या नाश्त्यावर येतो. तिथून तो लवकर हलत नाही. पहाटे चारला उठलो, तोयोसूच्या बाजारात गेलो, रांगेत कुडकुडलो आणि सकाळी सहाला भाताच्या मुटक्यावर ठेवलेला कच्चा मासा खाल्ला. घरी सकाळी सहाला चहाबरोबर खारी मिळाली नाही तर ज्याचा दिवस फुकट जातो, तो माणूस हे सांगत असतो. एवढा छळ कशासाठी, असे विचारले की उत्तर एकच: ताजं हो, एकदम ताजं! समुद्रातून थेट ताटात! माझे म्हणणे या उत्तरापुरतेच आहे. सुशी हा थोर पदार्थ आहे याबद्दल तक्रार नाही. पण तिचे कौतुक चुकीच्या कारणासाठी चालले आहे, आणि ज्या कारणासाठी व्हायला हवे ते दक्षिण सोलापूर तालुक्यात, मंद्रूपच्या कुठल्याही स्वयंपाकघरात, फडताळावरच्या डब्यात सापडते. डब्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागेल, कारण आधी तोकियोला जाऊन यायचे आहे.

तोकियोचा जुना मासळी बाजार निहोनबाशीला होता. १९२३च्या भूकंपात तो गेला, त्याच्या जागी १९३५ साली त्सुकिजीचा बाजार उभा राहिला, आणि ऑक्टोबर २०१८मध्ये घाऊक व्यापार तिथून तोयोसूला हलला. तोयोसूचा बाजार म्हणजे बंदिस्त, थंडगार, धुतलेली इमारत. पहाटे साडेपाचच्या सुमाराला ट्यूनाचा लिलाव सुरू होतो आणि तो जवळून बघायला मिळावा म्हणून परदेशी पाहुणे आधी सोडतीत नाव घालतात. आपल्याकडे लोक म्हाडाच्या सोडतीत नाव घालतात. तिथे निदान मासा दिसतो तरी. ५ जानेवारी २०१९ रोजी, तोयोसूतल्या नव्या वर्षाच्या पहिल्या लिलावात, सुशीच्या उपाहारगृहांची साखळी चालवणाऱ्या कियोशी किमुरा यांनी २७८ किलोचा एक ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनांना घेतला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने सुमारे २१ कोटी रुपयांना. हा मासा तोकियोच्या उपसागरातला नव्हता. तो आला होता ओमाहून, म्हणजे जपानच्या मुख्य बेटाच्या पार उत्तरेच्या टोकावरून. बाजार पाण्याकाठी आहे म्हणून मासा त्याच पाण्यातला, ही समजूत पर्यटकाची. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचे ढीग लागतात म्हणून कांदा समितीच्या आवारातच पिकतो, असे काही आपण मानत नाही.

आणि ओमा तर जवळचेच म्हणायचे. १९७२च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ पकडलेले ट्यूना विमानाने तोकियोला आले. जपानची मालवाहू विमाने अमेरिकेकडे यंत्रे भरून जात आणि रिकामी परतत. त्या रिकाम्या पोटात काय भरावे याचा शोध घेता घेता कोणाला तरी मासा सुचला. तेव्हापासून या बाजाराला जगातला कुठलाच समुद्र लांब राहिला नाही. लांबच्या समुद्रावर पकडलेला बराच ट्यूना तर बोटीवरच उणे ६० अंशांच्या आसपास गोठवला जातो आणि पुढे काही महिन्यांनी बाजाराचे तोंड बघतो. सामन माशाची गोष्ट आणखी मजेची. जपानी लोक आपल्या समुद्रातला सामन कच्चा खात नसत, कारण त्यात जंत असण्याची भीती. १९८०च्या दशकात नॉर्वेकडे सामनचे पीक उदंड झाले आणि त्यांच्या सरकारने मोहीम काढून तो जपान्यांच्या सुशीवर चढवला. म्हणजे आपला पाहुणा ज्या केशरी तुकड्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर ‘फ्रेश’ असे लिहितो, तो तुकडा नॉर्वेचा असेल तर सोलापूरहून आलेल्या पाहुण्यापेक्षा त्याने जास्त हवाई प्रवास केलेला असतो. दोघांपैकी जास्त ताजेतवाने कोण दिसते, हे फोटोत बघून ठरवावे.

यावर जाणकार म्हणतील की लांबून आला तरी मासा काल-परवाचाच असतो, आणि काल-परवाचा म्हणजे ताजाच. इथे त्यांना जपानी सुशीवालाच साथ देणार नाही. मासा मेला की त्याच्या स्नायूंतली ऊर्जाद्रव्ये हळूहळू मोडतात आणि त्यातून इनोसिनेट नावाचे द्रव्य तयार होते. जिभेला जी मांसल, रेंगाळणारी चव लागते ती बरीचशी त्याची. त्याला काही तास लागतात, मोठ्या माशाला काही दिवस. म्हणून ट्यूनासारखा मासा चांगला आचारी आला तसा कापत नाही. पुसून, गुंडाळून, थंडाव्यात मुरवतो आणि त्याच्या मते चव भरली की मगच सुरी लावतो. नुकताच मेलेला मासा घट्ट असतो, चावायला छान असतो, पण बोलायला लागत नाही. शिवाय अनिसाकिस नावाचा एक जंत समुद्री माशांत वस्तीला असतो. त्याला मारायला मासा उणे २० अंशांत २४ तास गोठवावा, असा सल्ला खुद्द जपानचे आरोग्य खाते देते. थोडक्यात, त्या पहाटेच्या ताटलीत खऱ्या अर्थाने त्याच दिवशीचा असा पदार्थ बहुधा भात असतो. तो सकाळीच शिजवून, शिरका घालून, अंगाइतका कोमट असताना वाढतात. पण भाताचा फोटो काढायला सहा हजार किलोमीटर कोण जाईल?

इतिहास काढला तर प्रकरण आणखी गंभीर होते. सुशीचा जन्मच टिकवण्याच्या विवंचनेतून झाला. मासा खारवायचा, शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा, भात आंबला की त्या आंबटपणाने मासा टिकायचा. मग भात फेकून मासा खायचा. बिवा सरोवराच्या काठी, शिगा प्रांतात, फुनाझुशी या नावाने हा प्रकार आजही होतो, आणि त्याला वर्षभर किंवा त्याहून अधिक मुरवतात. वास असा की नव्या माणसाने आधी खिडकी बघून ठेवावी. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोकियोत, हातगाड्यांवर भाताच्या मुटक्यावर मासा दाबून द्यायची पद्धत रुजली. तिचे श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. पण बर्फ कुठे होता? म्हणून बांगड्याच्या जातीचा मासा मीठ आणि शिरक्यात, ट्यूना सोयाच्या रसात, ईल मासा शिजवून. ट्यूनाचा चरबीदार पोटाचा भाग लवकर बिघडे, म्हणून त्याला मांजरही तोंड लावणार नाही, असे म्हणत. आज त्याच भागासाठी लोक खिसा रिकामा करतात. मांजराची मते बदलली नाहीत. बदलले ते फ्रीज.

आता खरोखर ताजा नाश्ता कोणाला हवा असेल तर त्याने पासपोर्ट घरी ठेवावा, सोलापूरहून विजापूरचा रस्ता धरावा आणि डिसेंबर-जानेवारीत मंद्रूपच्या शिवारात उतरावे. काळ्या रानातली रब्बीची ज्वारी तेव्हा चिकात येते. दाण्यात दूध असते, त्याचा चीक होतो, आणि चीक घट्ट होऊन पिठूळ व्हायच्या आत जो आठवडाभराचा काळ मिळतो तो हुरड्याचा. त्या दिवसांत दाण्यात साखर असते. नंतर तिचे पिष्ट होत जाते आणि मग त्या दाण्याचे भवितव्य भाकरी. कणीस मोडायचे, आगटीत गोवऱ्यांच्या आरावर ठेवायचे, भाजले की हात पोळत असताना चोळायचे, फुंकायचे आणि खायचे. कणीस ताटावरून उतरल्यापासून तोंडात जाईपर्यंत पंधरा मिनिटे होतात की वीस, यावर मतभेद होऊ शकतो. थंड झाला की हुरडा चिवट होतो, दुसऱ्या दिवशी तर तो गुरांनाही उपकार वाटत नाही. म्हणजे समुद्रातून थेट ताटात म्हणतात ते खरे तर इथे घडते. रांगही असतेच, फक्त ती आगटीभोवती गोल बसते. गूळभेंडी, सुरती अशा खास हुरड्याच्या ज्वाऱ्या वेगळ्या राखायची रीत आहे, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तर ‘फुले उत्तरा’ हा वाण हुरड्यासाठीच काढला. एका सकाळच्या नाश्त्यासाठी विद्यापीठाने वाण काढावा, याला मी संस्कृती म्हणतो. (उसाने रान व्यापल्यापासून ही संस्कृती शोधत हिंडावी लागते, पण तो राग वेगळ्या लेखाचा.)

आक्षेप येणार, त्यातला पहिला कच्चेपणाचा. हुरडा भाजलेला असतो, सुशी कच्ची. मग तुलना कशी? पण कच्चे आणि ताजे या दोन गोष्टी एक कधी झाल्या? लोणच्याची कैरीही कच्चीच असते. दुसरा आक्षेप शूरपणाचा: मंद्रूपपासून भीमा काही फार दूर नाही, मग तिथला चिलापी किंवा मरळ मसाला लावून तळूनच का खाता, जपान्यांसारखे धाडस का नाही? याचे उत्तर जपानीच देतील. गोड्या पाण्यातल्या माशात यकृतात शिरणारे कृमी असू शकतात, आणि बिवा सरोवराच्या काठी तर मासा मिठात आणि भातात वर्षभर मुरवायची रीत आहे. तेव्हा भीमेतला चिलापी कडकडीत तळणारा माणूस मागासलेला नाही. तो आरोग्य खात्याच्या एक पाऊल पुढे आहे. आणि विषाची जोखीमच हवी असेल तर जपान्यांनी फुगू माशाचा फार डांगोरा पिटू नये. आमच्या कोवळ्या ज्वारीतही सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, ती खाऊन जनावराला किराळ लागते, आणि त्यासाठी कोणी परवानाधारक आचारी नेमलेला नाही; गुराख्याचे लक्ष हाच परवाना.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. शिंपल्यातले जीव, काही कोळंबी तिथे जिवंत असतानाच उघडतात, आणि काही मासे त्याच दिवशी खाण्यातच गोडी असते. हे खरे. उलट, पुण्यात पिशवीत गोठवलेला हुरडा विकतात, हेही खरे, आणि तो खाऊन हुरड्याबद्दल मत बनवणाऱ्यांची मला कीव येते. पण अपवाद दोन्हीकडे सारखेच आहेत, आणि त्यांनी मुद्दा उलटत नाही: सुशीची थोरवी ज्या वस्तूंवर उभी आहे त्या मुरवलेल्या, गोठवलेल्या, खारवलेल्या आहेत. बिघडणारी गोष्ट बिघडू न देणे, आणि नुसती टिकवणे नव्हे तर टिकताना आणखी चवदार करणे, ही ती कला.

म्हणूनच हुरडा हा सुशीचा नातेवाईक नव्हे. तिची सख्खी बहीण म्हणजे कडक भाकरी. ज्वारीचे किंवा बाजरीचे पीठ, पातळ थापलेली भाकरी, आणि मग तव्यावर, निखाऱ्याच्या धगीवर तिच्यातला पाण्याचा शेवटचा अंश घालवत नेणे. पाणी गेले की बुरशीला घर उरत नाही, आणि भाकरी महिनाभर डब्यात खुशाल राहते. तोकियोत जे काम उणे ६० अंश करतात ते इथे चुलीची धग करते. शास्त्र तेच, फक्त दिशा उलटी. भीमेपलीकडे विजापूरकडच्या घरांतही हीच विद्या आहे, कन्नडमध्ये या भाकरीला रोट्टी म्हणतात. बरोबरची शेंगाचटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटतात, आणि तीही पहिल्या दिवशीपेक्षा चौथ्या दिवशी बरी लागते, म्हणजे मुरण्याच्या बाबतीत ट्यूनाच्या बरोबरीची. दुष्काळी मुलुखात, वारीच्या वाटेवर, उसाच्या तोडीवर, जिथे रोज चूल पेटेल याची खात्री नाही तिथल्या लोकांनी हे शोधले. एदोतल्या हातगाडीवाल्याची अडचणही तीच होती. त्याच्याकडे बर्फ नव्हता, यांच्याकडे सरपण.

इथे एक सावध वाचक कपाळाला आठ्या घालेल: झाले, म्हणजे सगळे आमच्याकडे आधीच होते! तसे मी म्हणत नाही. मंद्रूपने सुशीचा शोध लावला नाही आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत वासाबी विकत नव्हते. शिवाय एका बाबतीत जपानी फारच पुढे आहेत, आणि ती बाब किमतीची. मुरलेला मासा विकताना तो पहाटे, मर्यादित खुर्च्यांवर, न बोलणाऱ्या आचाऱ्याच्या हातून वाढला की माणूस भक्तिभावाने पैसे मोजतो. आमच्याकडे कडक भाकरी थापणाऱ्या बाईला गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, डझनाला कमी नाही का होणार? कौशल्य दोन्हीकडे आहे. सोडत एकीकडेच.

राहता राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो पर्यटकाच्या बाजूने सगळ्यात भक्कम आहे: पहाटेची भूक, थंडी, अनोळखी शहर, समोर चमकणारा मासा, या सगळ्याची मजा ताजेपणाच्या हिशेबाने कशी मोजणार? नाहीच मोजता येत. जरूर जावे, रांगेत उभे राहावे. फक्त सोलापुरी माणूस तिथे जातो तेव्हा त्याच्या बॅगेत काय असते ते तपासावे. स्वेटरच्या घडीत कडक भाकरीची चवड असते आणि प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत शेंगाचटणी. सकाळी ताजेपणाची यात्रा झाल्यावर रात्री हॉटेलच्या खोलीत, चपला काढून, तो पंधरवड्यापूर्वी भाजलेली भाकरी मोडतो, आणि त्या वेळी खोलीत एकच चर्चा चालते: चटणी आणखी चार दिवस पुरेल का, का परतीच्या विमानात कोरडी खायची पाळी येणार.