खोक्यावर नाव कोणाचं?

गाडीला स्टिकर लावताना कोणी भाव करत नाही. टाकीवर वाघ, मडगार्डवर आई-बाबांचा आशीर्वाद, नंबर प्लेटभोवती लुकलुकणारी एलईडी पट्टी, सगळ्याचे पैसे रोख मोजले जातात. तोच माणूस ब्रेक शू घ्यायला काउंटरवर आला की पहिलं वाक्य असतं, "लोकलमध्ये दाखवा ना." ब्रेक शू ड्रमच्या आत बसतो, चारचौघांना दिसत नाही. पण घाट उतरताना मागे बायको आणि पुढे टाकीवर पोरगं बसलेलं असतं, तेव्हा वाघ गाडी थांबवत नाही.

पुण्यातली नाना पेठ असो, मुंबईतला हत्यारांचा नागदेवी बाजार असो, की तालुक्याच्या गावातली एसटी स्टँडजवळची दुकानं. गिऱ्हाईक सगळीकडे एकच विचारतं, स्वस्तातलं घ्यावं का? माझं उत्तर सरळ आहे. स्वस्त जरूर घ्या. निनावी घेऊ नका, फुकट मिळालं तरी.

या दोन गोष्टींची आपण कायम गल्लत करतो. काही माल स्वस्त असतो, कारण त्यावर गाडीच्या कंपनीचा शिक्का नसतो. काही माल स्वस्त असतो, कारण त्यावर कोणाचाच शिक्का नसतो. पहिल्यात पैसे तुमचे वाचतात. दुसऱ्यात बनवणाऱ्याचे.

गाडीची कंपनी सगळे पार्ट स्वतः बनवत नाही, हे महाराष्ट्रात तरी कोणाला सांगायला नको. चाकण, भोसरी, वाळूज इथल्या कारखान्यांत आपल्याच घरातली माणसं तीन पाळ्यांत हा माल काढतात. वाळूजची एन्ड्युरन्स बजाजसारख्या कंपन्यांना शॉक ॲब्झॉर्बर आणि ब्रेक पुरवते, आणि स्वतःच्या नावाच्या खोक्यातही विकते. कोइम्बतूरच्या एलजीबीची रोलॉन चेन नव्या गाड्यांवर चढते आणि दुकानातही मिळते. एसकेएफचा बेरिंगचा कारखाना चिंचवडला आहे. अशा खोक्यातला माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा बरेचदा कमी भावात मिळतो. तो घेण्यात काडीचाही कमीपणा नाही. 'शोरूमचाच पार्ट हवा' असा हट्ट धरणारा माणूस सावध असतो असं नाही, पुष्कळदा तो नुसता घाबरलेला असतो.

बेरिंगचं उदाहरण घ्या. अनेक मोटारसायकलींच्या चाकात 6301 नंबरचं बेरिंग असतं. आतला व्यास 12 मिलिमीटर, बाहेरचा 37, रुंदी 12. दुकानदार सांगतो, "नंबर सेम आहे साहेब." तो खोटं बोलत नाही. पण हा नंबर फक्त माप सांगतो. पोलाद कोणतं, गोळ्या किती गोल, आत ग्रीस काय भरलंय, यातलं काहीही त्या चार आकड्यांत नाही. 6301 कोणालाही कोरता येतं. त्याच्या शेजारी कोणाचं नाव आहे ते बघायचं. नाव नसेल तर खाली ठेवायचं. आणि नाव असलं तरी अक्षरं फिसकटलेली, खोक्यावरचं स्पेलिंग एखाद्या अक्षराने चुकलेलं, असं असेल तर तेही खाली ठेवायचं. असं खोटं नाव निनावीपेक्षा वाईट, कारण ते ठरवून फसवतं.

आता हत्यारं. इथे लोक सर्वांत जास्त पैसे वाया घालवतात, आणि स्वस्तात मिळालं म्हणून खूशही असतात.

चाळीस-पन्नास नगांचा गोटी पान्यांचा सेट, हिरव्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या डबीत, आरशासारखा चकचकीत. किंमत एका चांगल्या रिंग पान्याच्या सेटपेक्षा कमी. प्रत्येक गोटीवर 'क्रोम व्हॅनेडियम' कोरलेलं. ही अक्षरं कोरायला व्हॅनेडियम लागत नाही. पान्याची किंमत त्याच्या चमकेत नसते, भट्टीत असते. पोलाद किती तापवलं, कसं विझवलं, पुन्हा किती तापवून त्याचा ठिसूळपणा काढला, यावर पान्याचं आयुष्य ठरतं आणि नेमकं हेच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून चोरी तिथे होते. कच्चा पाना पहिल्या जाम नटावर तोंड उघडतो, नटाचे कोपरे खातो, नट गोल होतो. मग छिन्नी, मग वेल्डिंग, मग मिस्त्री. वाचलेले दोनशे रुपये एका दुपारी जातात.

सगळ्यात मोठा घात होतो तो इंजिनच्या खालच्या ड्रेन बोल्टवर. बोल्ट पोलादाचा, इंजिनची केसिंग ॲल्युमिनियमची. ढिल्या पान्याला जोर लावायची सवय झालेला हात तो बोल्ट जास्त आवळतो आणि आटे जातात, बोल्टचे नव्हे, केसिंगचे. ऑइल बदलून पैसे वाचवायला बसलेला माणूस लेथवाल्याकडे केसिंग घेऊन जातो.

घरी गाडीचं किरकोळ काम करायला पन्नास नग लागतच नाहीत. जपानी वळणाच्या बहुतेक गाड्यांचं काम 8, 10, 12, 14, 17 या पान्यांत उरकतं. हे पाच आकडे चांगल्या नावाचे घ्या, रिंगचे घ्या. गोटी घ्यायची तर बारा खाचांची नको, सहा कोनांची घ्या. ती नटाच्या कोपऱ्यांवर चढत नाही, सपाट बाजूंना धरते. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतली टपारिया ही स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्यातून उभी राहिलेली कंपनी. तिचे पाने, पकडी आणि स्क्रू ड्रायव्हर गावोगावच्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं तेलात माखून पडलेले दिसतील. ते परदेशी, हजारोंच्या घरातल्या हत्यारांइतके महाग नाहीत. हेच माझं म्हणणं आहे. रोज हत्यारं हाताळून ज्याचं पोट चालतं तो मिस्त्री ना ती डबी घेतो, ना दिखाऊ परदेशी सेट. तो मधला, नाव असलेला पाना घेतो आणि वीस वर्षं वापरतो.

स्क्रूबद्दल एक गोष्ट मात्र मिस्त्री लोकांनाही सांगावीशी वाटते. जुन्या जपानी वळणाच्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवर जे फुलीचे स्क्रू असतात, ते नेहमीच्या फिलिप्स फुलीचे नसतात. जपानी मानकाची, जेआयएसची, फुली वेगळी कापलेली असते. तिच्यात फिलिप्सचं टोक पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर उचलून बाहेर येतं आणि फुली खरवडून टाकते. दोष स्क्रूला दिला जातो. जेआयएस टोकाचा एक ड्रायव्हर काही फार महाग येत नाही. तो नसल्यामुळे या देशात किती कव्हरं छिन्नी-हातोड्याने उघडली गेली असतील! तसंच जुन्या बुलेटचं. तिचे पुष्कळ नट इंग्रजी मापाचे. त्यांना मिलिमीटरचा पाना लावला की उत्तम पानाही घसरतो. पैसे टाकण्याआधी माप बघावं.

मग स्वस्त, अगदी साधं, काय घ्यावं? ऑइल काढायचं घमेलं, फनेल, ब्रश, चिंध्या, नट ठेवायच्या वाट्या, सीट कव्हर, पायाखालचं रबर मॅट. हे मोडलं तर फक्त मोडतं. तिथे नाव-गाव विचारू नका, बिनधास्त घासाघीस करा.

तेलाची गोष्ट वेगळी. तिथे महाग घेऊनही माणूस फसतो. मोटारसायकलचा क्लच सहसा इंजिन ऑइलमध्येच बुडलेला असतो. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती इथे टाकली की क्लच प्लेट घसरायला लागते. म्हणून डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघायचं. एमबी हा वर्ग स्कूटरसाठी असतो, तिचा क्लच कोरडा असतो. मित्राने कारचं उरलेलं भारीतलं तेल दिलं तर प्रेमाने परत करा. आणि सुटं तेल नको. रिकामा डबा गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, झाकण मोडा, डब्याला भोक पाडा. तोच डबा पुन्हा भरून पुढच्या गिऱ्हाइकाला विकला जातो.

चेनबाबत एकच सांगतो. "फक्त चेन बदला, स्प्रॉकेट चालतील अजून," हे गॅरेजमधलं सर्वांत महाग वाक्य आहे. झिजलेले दात नवी चेन खातात. पूर्ण किट एकदम बदला, नाव असलेलं.

ब्रेक शूकडे परत येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. नाव असलेल्या शूच्या खोक्यावर बहुतेक वेळा 'ॲस्बेस्टॉस-फ्री' छापलेलं असतं. ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो हे जगाने कधीच मान्य केलं आहे, पण भारतात त्यावर सरसकट बंदी नाही. निनावी शूच्या लायनरमध्ये काय भरलंय ते कोणीच लिहीत नाही. गाडी सर्व्हिसिंगला येते, चाक निघतं, आणि गॅरेजमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा कॉम्प्रेसरची हवा मारून ड्रममधली भुकटी उडवतो. तोंडाला रुमालही नसतो. तुम्ही वाचवलेल्या दीडशे रुपयांची किंमत कदाचित तो पोरगा मोजणार आहे, तुम्ही नाही. ड्रम ओल्या फडक्याने पुसायला सांगा. यात कोणाचाच पैसा जात नाही.

हेल्मेटलाही हाच न्याय. 1 जून 2021 पासून दुचाकीसाठी आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकणं बेकायदा आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली टरफलं विकली जातात. खऱ्या मार्कवर वर आयएस 4151 असतं आणि खाली सीएम/एल पासून सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव येतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात 1,68,491 माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांत दुचाकीवरची 44.5 टक्के होती. दंड चुकवायला घातलेलं टरफल डोकं वाचवत नाही.

आता कोणी म्हणेल, सोपं आहे हो बोलणं, रोज डिलिव्हरी करणाऱ्या पोराच्या खिशात तेवढेच पैसे असतात. मान्य, पूर्ण मान्य. त्या पोराची गाडी दिवसभर पळते, ब्रेक इतरांपेक्षा लवकर झिजतात आणि पगाराचा भरवसा नसतो. म्हणून तर मी त्याला शोरूमला पाठवत नाही. त्याची गरज स्वस्ताची आहे, निनावीची नाही. त्याला निनावी माल दाखवणारा काउंटरवरचा माणूस त्याची गरज भागवत नाही, तिचा फायदा घेतो.

आणि स्थानिक म्हणजे वाईट, असंही मी म्हणत नाही. गावातल्या लेथवाल्याने वळून दिलेला बुश निनावी नसतो. त्याचं दुकान माहीत असतं, तो रोज तिथे बसतो. बुश ढिला निघाला तर तुम्ही संध्याकाळी त्याच्या दारात उभे राहता आणि तो मुकाट्याने दुसरा वळून देतो. त्याच्याकडून घ्यायला मी कधीही तयार आहे. प्लास्टिकच्या पिशवीत स्टेपल मारलेला, ना पत्ता ना महिना-वर्ष असलेला पार्ट मात्र कोणाच्या दारात नेणार?

याचं उत्तर कायद्यात आहे आणि ते फार कमी गिऱ्हाइकांना माहीत आहे. पॅकबंद वस्तूवर बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि कमाल किंमत असायलाच हवी, हे वजनमापाचे नियम सांगतात. त्याहून महत्त्वाचं, ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे सदोष वस्तूमुळे इजा झाली आणि ती बनवणारा कोण हे कळत नसेल, तर विकणाऱ्याला जबाबदार धरता येतं. म्हणजे निनावी माल विकणारा दुकानदार स्वतःचंच नाव त्यावर घालत असतो. पण हे सिद्ध करायला बिल लागतं, आणि आपण तर "बिलाशिवाय कितीला?" असं स्वतःहून विचारतो. सुटतात ते चार पैसे, जातो तो हक्क. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात दोन गोष्टी करा. बिलावर नुसतं 'ब्रेक शू 1 नग' नको, बनवणाऱ्याचं नाव लिहून मागा. आणि गाडी गॅरेजला दिली असेल तर जुना पार्ट आणि नव्याचं रिकामं खोकं, दोन्ही परत मागा. चांगला मिस्त्री रागावत नाही, तो खोकं आधीच सीटवर ठेवून देतो. काही दुकानदारही असे आहेत, जे दोन शू काउंटरवर शेजारी ठेवतात, लायनरची जाडी नखाने दाखवतात, नाव वाचून दाखवतात आणि स्वतःहून सांगतात, "दादा, तो दुसरा माझ्या गाडीला नाही लावत मी." त्या माणसाशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नका. सांगेल ती किंमत द्या आणि बिल घ्या.